चित्र ही मालाची साक्ष आहे

कापडाच्या धंद्यात शेवटचा निकाल हात देतो. जाणते गिऱ्हाईक कापड चिमटीत धरते, अंगठ्याने चोळून पोत पाहते, उजेडाकडे धरून विणीची दाटी जोखते, किनारीची एखादी तार ओढून बघते आणि मगच भावाची गोष्ट काढते. आमच्या वडीलधाऱ्यांनी सारा व्यापार असाच केला. भिवंडी-मालेगावचा माल मुंबईच्या बाजारात येई, गादीवर तागा उलगडला जाई आणि समोरासमोर सौदा होई.

आता बराचसा सौदा मोबाइलवर होतो. विकणारा मालेगावात, घेणारा परभणीत नाहीतर विजयवाड्यात. मध्ये ना गादी, ना दलाल. घेणाऱ्यापुढे असते ते तळहाताएवढे एक चित्र. त्याला स्पर्श नाही, वजन नाही, वासही नाही (कोऱ्या कापडाला खळीचा वास असतो आणि त्यावरूनही जाणता माणूस पुष्कळ काही ओळखतो). ज्या चित्राकडे आपण आजवर सजावट म्हणून पाहत आलो, त्याच्यावर आता साक्षीदाराची जबाबदारी येऊन पडली आहे. गैरहजर मालाच्या वतीने शहादत देणे हे त्याचे काम. चित्र देखणे आहे की नाही हा प्रश्न नंतरचा, ते खरे बोलते की नाही हा पहिला. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचे या बाबतीत होणारे नुकसान आम्ही रोज पाहतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

एका गाठीची गोष्ट

आमच्या ओळखीचा एक तरुण माग मालक आहे. बारा माग, घरचीच माणसे कामाला, सूत उधारीवर. मुलगा मेहनती आणि व्यवहाराला चोख. त्याने लुंगीच्या नव्या चौकडीचे फोटो रात्री कारखान्यातल्या दिव्याखाली काढले आणि परभणीकडच्या एका दुकानदाराला पाठवले. फोटोत चौकडी काळी दिसत होती, प्रत्यक्षात ती गर्द हिरवी होती. दुकानदाराने काळी समजून गाठ मागवली, कारण त्याच्याकडचे शेतकरी गिऱ्हाईक काळीच मागते. गाठ पोचली, उघडली आणि जशीच्या तशी परत आली. जाण्या-येण्याचे भाडे मुलाच्या माथी बसले. दुकानदाराने वर चार ठिकाणी सांगितले की, या माणसाचा फोटो एक असतो आणि माल दुसरा. भाडे दोन महिन्यांत भरून निघाले असेल, पण हे वाक्य अजून भरून निघालेले नाही. सूतवाल्याने पुढच्या खेपेस उधारी देताना हात आखडता घेतला तो वेगळाच.

या मुलाने कोणाला फसवले नव्हते. खोटे बोलला तो फोटो. मग दोष कोणाचा?

सहीह मुस्लिममधली एक हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विचारल्यावर विक्रेत्याने सांगितले की, पाऊस पडून गेला. त्यावर आपण (स.) विचारले की, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही, असे स्पष्ट बजावले. वाझमध्ये ही हदीस सांगताना एक बारकावा बहुधा सुटतो. ओल पावसाने आणली होती, विक्रेत्याने काही पाणी ओतले नव्हते. तरीही ती ओल वर आणून दाखवण्याची जबाबदारी त्याचीच ठरली. कॅमेऱ्याचे तसेच आहे. रंग कॅमेऱ्याने बदलला असेल, दिव्याने बदलला असेल, पण पाठवण्याआधी माल आणि फोटो शेजारी धरून पाहणे हे विकणाऱ्याचे काम आहे. मोबाइलवरचा फोटो म्हणजे ढिगाचा वरचा थर होय. आत जे आहे तेच वर दिसले पाहिजे.

तिराज, छाप आणि कांगा

कापडावर खूण घालण्याची रीत इंग्रजांकडून आली असा आपल्याकडे समज आहे, तो अपुरा आहे. अब्बासी आणि फातिमी खिलाफतीच्या काळात कापडावर तिराज नावाची अक्षरांची पट्टी विणत किंवा भरत. तिच्यात बिस्मिल्लाह, खलिफाचे नाव व त्याच्यासाठी दुआ आणि पुष्कळदा कापड जिथे बनले त्या गावाचे नाव आणि हिजरी सन असे. इजिप्तमधले तिन्नीस आणि दमियात ही त्यासाठी नावाजलेली गावे. जगातल्या मोठ्या वस्तुसंग्रहालयांत या पट्ट्यांचे तुकडे जपून ठेवले आहेत. कापड विरले, पण ते कुठे व केव्हा विणले गेले ही साक्ष हजार वर्षे टिकली. अक्षरच तिथे चित्र झाले होते.

पुढे एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानात उतरू लागले तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांपुढे निराळीच अडचण होती. इथल्या गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नव्हते. म्हणून त्यांनी ठाणावर रंगीत छापील चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली. हत्ती, वाघ, मोर, राजेरजवाडे, देवादिकांची चित्रे. गिऱ्हाईक कंपनीचे नाव घेत नसे, चित्राचे नाव घेऊन माल मागे. ‘अमुक छाप’ हा शब्द आपल्या बोलण्यात रुजला तो अशा चित्रांमुळेच. चांगल्या छापाची नक्कल करणारेही लगेच निघाले. अखेर १८८९ साली हिंदुस्थान सरकारने मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला. त्यात कापडाच्या ठाणावर लांबी छापण्याचेही कलम होते. कशासाठी, ते व्यापाऱ्याला सांगायला नको.

तिसरे उदाहरण आम्हांला सर्वांत जवळचे वाटते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्त्रिया कांगा नावाचे छापील कापड वापरतात. ते जोडीने विकले जाते. चारी बाजूंनी काठ, मध्ये नक्षी आणि नक्षीखाली स्वाहिली भाषेतले एक वाक्य अशी त्याची ठरलेली मांडणी असते. ही वाक्ये आधी अरबी लिपीत छापत, पुढे रोमन लिपीत छापू लागले. मोम्बासाचे हिंदी व्यापारी कादरदीना हाजी इसाक, ज्यांना लोक अब्दुल्ला म्हणत, यांनी कांग्यावर वाक्य घालण्याची चाल पाडली असे मानले जाते. त्यांच्या कांग्यावर आणखी एक ओळ असे, ‘माली या अब्दुल्ला’, म्हणजे अब्दुल्लाचा माल. अरबीतला माल, उर्दूतला माल, मराठीतला माल आणि स्वाहिलीतला माली हा एकच शब्द आहे. या गृहस्थांनी हत्तीही काढला नाही आणि मोरही काढला नाही. तीन साध्या शब्दांत सांगितले की, या कापडाला जबाबदार कोण. तेवढ्यावर गिऱ्हाईक जोडीमागून जोडी घेत गेले. आज कांगे भारतातही छापले जातात. आफ्रिकेला माल धाडणाऱ्या आपल्या बांधवांनी काठाजवळची ती बारीक अक्षरे एकदा नजरेखालून घालावीत.

कापडाचा फोटो कसा काढावा

आता कामाचे. हे लिहिताना आमच्यासमोर मोठा स्टुडिओ बाळगणारा व्यापारी नाही, दहा-बारा मागांचा मालक, रंगारी, जरीवाला, टोपीवाला आणि शिलाईचा कारखाना चालवणारा आहे. त्याच्याजवळ एक साधा मोबाइल असतो आणि तेवढा पुरतो.

पहिली गोष्ट उजेडाची. रात्री दिव्याखाली रंगाचा फोटो काढू नये. रंगाईतल्या माणसाला ठाऊक आहे की, दोन कापडे एका दिव्याखाली एकसारखी दिसतात आणि उन्हात नेली की वेगळी पडतात. म्हणून तर मोठ्या रंगाईघरांत निरनिराळे प्रकाश देणारी पेटी ठेवून तिच्यात रंग जुळवतात. आपल्याकडे पेटी नसली तरी सूर्य आहे. सकाळी दहाच्या सुमारास, थेट ऊन नाही पण भरपूर उजेड आहे अशा सावलीत किंवा उत्तरेच्या खिडकीपाशी कापड पसरावे. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा. फ्लॅश समोरून आदळतो आणि पोत पुसून टाकतो. उजेड बाजूने आला तर विणीतल्या बारीक सावल्या उठतात. खादी खादीसारखी दिसते, साटीन साटीनसारखे दिसते आणि जरीची तार चमकली तरी पांढरा डाग होत नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मोबाइलचा कॅमेरा रंग जसाच्या तसा टिपत नाही, तो अंदाज बांधतो. सगळ्या चौकटीत लाल कापडच भरले तर तो समजतो की उजेडच लाल आहे, आणि लाली कमी करतो. काळे कापड भरले तर अंधार समजून ते उजळ करतो, मग काळे राखी दिसते. पांढरे भरले तर उजेड फार झाला म्हणून ते मळकट करतो. यावर उपाय एका पैशाचा आहे. कापडाच्या कोपऱ्यावर कोरा पांढरा कागद ठेवावा आणि तो फोटोत येऊ द्यावा. पाहणाऱ्याच्या डोळ्यालाही त्यामुळे आधार मिळतो. कागद पिवळा दिसला तर रंगही पिवळटलेला आहे हे त्याला आपोआप कळते. काळ्या मालासाठी पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढावा, पांढऱ्यासाठी थोडा वर न्यावा.

लुंगी, रुमाल आणि शर्टिंगवाल्यांना एक खास त्रास होतो. बारीक चौकडीचा किंवा बारीक पट्ट्याचा फोटो काढला की त्यावर लाटा उठलेल्या दिसतात, कधी इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. कापडात असे काही नसते. कॅमेऱ्यात ठिपक्यांची एक जाळी असते. तिच्यावर चौकडीची जाळी पडली की दोन्ही मिळून तिसरीच खोटी नक्षी तयार होते. अशा वेळी कॅमेरा हातभर पुढे किंवा मागे घ्यावा, नाहीतर जरा तिरका धरावा, लाटा जातात. काही वेळा फोटो ठीक असतो आणि पडद्यावर लहान करून पाहताना लाटा दिसतात, म्हणून मोठा करून खात्री करावी. हे माहीत नसल्यामुळे “विणीत खोट आहे” असा शिक्का आमच्या डोळ्यांदेखत चांगल्या मालावर बसला आहे.

आकार कळायला फोटोत माप हवे. शिंप्याची मापपट्टी कापडावर आडवी ठेवली की फुलाची बुट्टी सुपारीएवढी आहे की बशीएवढी, हा वाद उरत नाही. तारा मोजायची जी काच आपण सगळे खिशात बाळगतो, ती कापडावर ठेवून मोबाइलचे भिंग तिच्यावर टेकवावे. एका इंचात किती तारा आहेत ते स्वच्छ दिसते. मुंबईचा जुना खरेदीदारही या फोटोपुढे गप्प बसतो.

एका वाणाचे किमान चार फोटो असावेत असे आमचे मत आहे. एक पूर्ण पन्ह्याचा, दोन्ही काठ दिसणारा. एक काचेतून विणीचा. एक उलट्या बाजूचा, कारण छापील आणि विणलेल्या नक्षीतला फरक उलटी बाजूच सांगते. एक कापड हातावर किंवा दांडीवर सोडलेले, म्हणजे ते कडक आहे की लवते ते कळेल. मखमलीसारख्या लव असलेल्या कापडाचे दोन जास्त, लवेच्या दिशेने आणि तिच्या उलट, कारण एकच रंग दोन्हीकडून दोन छटा दाखवतो. मालात गाठ असेल, तार सुटली असेल, रंग एका तागात हलका बसला असेल तर त्याचाही फोटो भावासकट पाठवावा. “सेकंड” म्हणून सांगून विकलेला माल परत येत नाही, आणि ज्याने ओल वर आणून दाखवली त्याचा पुढचा चांगला माल लोक फोटोवरच घेतात. बरकत म्हणतात ती अशा ठिकाणी दिसते.

फोटोच्या तळाशी वाण क्रमांक, पन्हा, लांबी आणि रंगाचा क्रमांक घालावा. रंगाच्या नावावर विसंबू नये. फिरोजी, उन्नाबी, प्याजी, धानी, काही, सुरमई ही नावे कानाला गोड लागतात, पण नागपूरचा प्याजी आणि हैदराबादचा प्याजी एक असेलच असे नाही. अमेरिकेच्या पँटोन कंपनीने १९६३ साली रंगांना क्रमांक देण्याची पद्धत काढली, ती याच घोटाळ्यावर उपाय म्हणून. कापडासाठी तिचे वेगळे पुस्तक मिळते. ते महाग आहे, सगळ्यांनी घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. घरचे शेडकार्ड करावे, त्यावर स्वतःचे क्रमांक घालावेत, कायमच्या पार्ट्यांना एकेक द्यावे. मग फोनवर “चौदा नंबर” म्हटले की काम झाले. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो दाबला जाऊन बारीक होतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ दर्जात पोचतो. हे सगळे केले तरी मोठी ऑर्डर घेण्याआधी वीतभर तुकडा कुरिअरने पाठवावाच. फिल्टर लावून रंग खुलवणे याबद्दल वेगळे सांगत नाही. ढिगाची हदीस वर आलीच आहे.

कार्ड, बिलबुक, लेबल

आमच्याकडे व्हिजिटिंग कार्डांचा मोठा ढीग जमला आहे. त्यातल्या कितीतरी कार्डांवर एकावर एक चार तऱ्हेची अक्षरे, मागे फुलांचा गालिचा, कडेला सोनेरी वेल, आणि फोन नंबर इतका बारीक की चष्मा लावूनही वाचता येत नाही. धंदा कशाचा हे शोधावे लागते. कार्ड हाती पडताच नाव, माल आणि नंबर या तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. बाकी जागा कोरी राहिली तर राहू द्यावी. कोरी जागा वाया गेली असे छापखान्यात बसून वाटते, वाचणाऱ्याला वाटत नाही.

अक्षरांच्या बाबतीत आपण फार सोसतो. हिंदीच्या वळणाची अक्षरे वापरून मराठी छापली की ‘ल’ आणि ‘श’ परके दिसतात. काही फॉन्टांत ‘ऱ्या’ नीट उमटत नाही, मग ‘व्यापाऱ्यांसाठी’ या शब्दाचे काय होते ते पाहवत नाही. उर्दूची दशा तर विचारूच नका. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, त्यामुळे ही गोष्ट डोळ्यांत सलते. छापखान्याच्या संगणकाला उर्दू कळत नसले की अक्षरे सुटी होतात, कधी उलट्या क्रमाने बसतात, आणि दुकानाचे नाव निरर्थक होते. वास्तविक नस्तालीक संगणकावर येऊन जमाना झाला. मिर्झा अहमद जमील यांच्या खतावरून बनलेली नूरी नस्तालीक १९८१ पासून वृत्तपत्रांत वापरात आली आणि दिल्लीत तयार झालेला इनपेज हा कार्यक्रम १९९४ पासून उपलब्ध आहे. तेव्हा “उर्दू बसत नाही” हे उत्तर ऐकून घेऊ नये. छपाईपूर्वी नमुना प्रत घरी आणावी आणि वाचता येणाऱ्या दोघांकडून तपासून घ्यावी.

पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. झगझगीत पोपटी किंवा राजेशाही निळा पडद्यावर जसा दिसतो तसा चार शाईंच्या छपाईत येत नाही. म्हणून लेबल किंवा कॅटलॉग छापताना नमुना त्याच कागदावर मागावा. छपाईसाठी फोटो इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने मोठा हवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बॅनरवर ताणला तर तो फाटणारच. आणि आपल्या दुकानाचे चिन्ह कोणाकडून काढून घेतले तर त्याची मूळ फाइल मागून घ्यावी, पावतीवर हक्क आपल्याकडे दिल्याचे लिहून घ्यावे. डिझायनर दुसऱ्या शहरात गेला आणि चिन्ह नव्याने काढावे लागले, असे आमच्या बाजारात एकापेक्षा जास्त दुकानांचे झाले आहे.

चित्रही खोटे बोलते, एक शब्द न लिहिता

हातमागावर बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या विणकराचे चित्र यंत्रमागाच्या कापडावर लावलेले आम्ही पाहिले आहे. लेबलावर ‘हातमाग’ हा शब्द कुठेही नाही, त्यामुळे आम्ही खोटे लिहिले नाही असे मालक म्हणतो. पण गिऱ्हाइकाने काय समजावे म्हणून ते चित्र लावले, हे त्याला पक्के ठाऊक आहे. हातमागाच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून १९८५ च्या कायद्याने काही ठरावीक वाण हातमागासाठी राखून ठेवले आहेत. खऱ्या मालाला ओळख मिळावी म्हणून रेशमासाठी २००४ साली सिल्क मार्क आणि हातमागासाठी २००६ साली हँडलूम मार्क सुरू झाला. ही चिन्हे परवानगीशिवाय छापणे म्हणजे दुसऱ्याची सही करणे होय. यंत्रमागाला कमीपणा कशाचा? आमच्या बहुतेक वस्त्या यंत्रमागावर जगतात. मागाचा, कांडीवाल्याचा, खात्यात राबणाऱ्या माणसांचा खरा फोटो लावावा.

ऑनलाइन विक्री करणाऱ्या बांधवांनी हेही ध्यानी घ्यावे की, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरात आणि प्रत्यक्ष माल यांत मेळ हवा. जाहिरातीप्रमाणे माल नसेल तर तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुसऱ्याच्या दुकानाचे फोटो उचलून आपल्या नावाने फिरवण्याची सवय तर आपल्या तरुणांनी ताबडतोब सोडावी. फोटोवर हक्क असतो, आणि हक्क नसता तरी न पाहिलेल्या मालाची साक्ष आपण कशी देणार?

स्वतःचा छाप असेल तर नोंदवून घ्यावा. १९९९ चा ट्रेडमार्क कायदा २००३ पासून अमलात आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. कापडासाठी चोविसावा वर्ग, तयार कपड्यांसाठी पंचविसावा. मुंबईचे कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो.

हया आणि अदब

सजीवांच्या चित्राबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. फतवा देणे आमचे काम नव्हे, ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. व्यापारी म्हणून एवढेच सांगतो की, कापड विकायला चेहरा लागत नाही. आम्ही गेली कित्येक वर्षे बुरखा, दुपट्टा आणि सूटपीसचे कॅटलॉग लाकडी धडावर, दांडीवर किंवा घडी घालून छापतो आणि एकाही गिऱ्हाइकाने त्याबद्दल तक्रार केलेली नाही. नट्यांची चित्रे लावणाऱ्यांच्या पानावर नजर नटीवर जाते, मालावर जात नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. काबाशरीफ, मस्जिदे नबवी, बिस्मिल्लाह, कलमा हे आपण प्रेमापोटी पिशव्यांवर, टॅगवर, रमजान-ईदच्या हँडबिलांवर छापतो. पिशवी दोन दिवसांत कचऱ्यात जाते, हँडबिल तर नाक्यावरच पायदळी येते. अदब राखण्यासाठी छापले आणि बेअदबी पदरात पडली. जी वस्तू फेकली जाणार, तिच्यावर पवित्र नाव वा चित्र नको. दुकानात भिंतीवर उत्तम खतातली तख्ती लावावी. पिशवीवर आपल्या नक्षीकामातली एखादी भौमितिक जाळी छापावी, तीही आपलीच मिरास आहे. इतरांच्या श्रद्धास्थानांची चित्रे विक्रीसाठी वापरू नयेत हे सांगायला नकोच. कोणत्याही समाजाच्या धार्मिक भावना दुखावतील अशा चिन्हाला ट्रेडमार्क कायदाही नोंदणी देत नाही.

दुकानाची पाटी

शेवटी पाटीबद्दल, कारण याविषयी आम्हांला सर्वांत जास्त विचारणा होते. २०२२ च्या दुरुस्तीनुसार महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठीत नाव हवे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. काही बांधवांनी दंडाच्या धास्तीने पाटीवरची उर्दू पुसून टाकली. तसे करण्याचे कारण नव्हते. कायद्याने मराठी मागितली आहे, दुसरी लिपी काढायला सांगितलेले नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू असण्याला आव्हान दिले गेले होते. १५ एप्रिल २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने ती उर्दू कायम ठेवली आणि उर्दू ही इथलीच भाषा असल्याचे सांगितले. तो निकाल नगरपरिषदेच्या पाटीपुरता असला तरी दुकानदाराला त्यातून धीर मिळायला हरकत नाही.

पाटी रंगवताना मराठी ठळक आणि वरच्या ओळीत घ्यावी. ती डावीकडून सुरू होते. तिच्याखाली उर्दू उजवीकडून सुरू करावी, म्हणजे दोन्ही ओळींची सुरुवात पाटीच्या दोन कडांना येते आणि लांबून दोन्ही सुट्या वाचता येतात. इंग्रजी हवी असेल तर तळाशी एका ओळीत. नस्तालीक वरून खाली उतरत जाते, तिला देवनागरीपेक्षा उभी जागा जास्त लागते. पेंटर सगळ्या ओळींना सारखीच उंची आखतो आणि मग उर्दू दाबून बसवतो. त्याला आखणी करण्यापूर्वीच हे सांगावे, आणि नुक्ते रंगवून झाल्यावर शिडीवरून उतरण्याआधी मोजून घ्यावेत.